उत्तम चालू स्थितीत

छोट्या जाहिरातींचे पैसे शब्द मोजून घेतात. त्यामुळे तिथे तरी माणूस उगाच खोटे बोलत नसावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. खोटे फुकट बोलता येत असताना त्यासाठी पैसे कोण मोजील? पण गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच एक जाहिरात लिहायला बसलो आणि वीस शब्दांच्या आत तीनदा घसरलो. जाहिरात अशी होती :

'लाकूडकामाचे रंधा मशीन, थिकनेसरसह, तीन हॉर्सपॉवर मोटर, उत्तम चालू स्थितीत, जागेअभावी त्वरित विकणे आहे. समक्ष भेटा.'

'जागेअभावी' हे पहिले. नाशिकच्या आमच्या रो-हाऊसच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात हे मशीन, दोन सायकली, सौभाग्यवतींच्या लोणच्याच्या बरण्या आणि मी असे सगळे गेली चार वर्षे सुखाने नांदत होतो. 'त्वरित' हे दुसरे. वर्षभर नुसते 'विकू, विकू' चालले होते. तिसरे 'उत्तम'. 'चालू'बद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. बटण दाबले की ते चालू होत होते. शिवाय आपल्या भाषेने 'चालू' या शब्दाला आणखी एक अर्थ देऊन ठेवला आहे, तो हवा तर मालकाला लावून घ्यावा.

आता मुळापासून सांगतो.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस सहसा तीन वाटांनी जातो : अध्यात्म, शेअरबाजार, नाहीतर सोसायटीची सेक्रेटरीशिप. मला चौथी सुचली. जुन्या नाशकात लहानपणी आमच्या वाड्यासमोरच्या ओट्यावर एक मिस्त्री रंधा मारीत बसायचे. सागाच्या पातळ ढलप्या गोल गोल वळत खाली पडायच्या आणि आम्ही पोरे त्या कानाला डूल म्हणून लावून हिंडायचो. तो वास पस्तीस वर्षांच्या कॅशबुकातही डोक्यातून गेला नव्हता. तेव्हा रिटायर झालो आणि हातरंधा, पटाशी, गुण्या असे सगळे घेऊन आलो. आठ दिवसांत एक पाट केला आणि मग पंधरा दिवस पाठ धरून बसलो. डॉक्टर म्हणाले, "या वयात मशीन घ्या."

सातपूरकडे एक वर्कशॉप बंद होत होते. तिथून हे मशीन चाळीस हजारांना घेतले. "साहेब, लोणी कापल्यासारखं चालतं," असे विकणारा म्हणाला. मी म्हटले, छान.

रंधा मशीन ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर एकापुढे एक अशी दोन गुळगुळीत लोखंडी टेबले असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत जाड लाटण्यासारखा एक आडवा लोखंडी दंडगोल. त्याला कारागीर 'ब्लॉक' म्हणतात. या ब्लॉकमध्ये लांबच्या लांब पोलादी पाती बसवलेली असतात. माझ्यात तीन होती. पलीकडचे टेबल पात्यांच्या धारेच्या बरोबर पातळीत आणि अलीकडचे किंचित खाली. जेवढे खाली, तेवढे लाकूड सोलून निघते. वरून फळी सरकवली की तिची एक बाजू सपाट होते. मग तीच फळी खालच्या मजल्यात, म्हणजे थिकनेसरमध्ये घालायची. तिथला दातेरी रूळ तिला आपणहून आत ओढतो आणि दुसरी बाजू पहिलीशी समांतर करून देतो. वरचा मजला फळीला सरळ करतो, खालचा सारखी करतो. क्रम महत्त्वाचा. आधी सरळ न करता नुसती सारखी करायला घातली, तर वाकडी फळी वाकडीच राहते, फक्त पातळ होते. (हे शिक्षणखात्याला कळवावे, असे मला तेव्हा फार वाटले होते.)

ब्लॉक चार इंच व्यासाचा आणि मिनिटाला साडेचार हजार फेरे. बँकेतली सवय, मी कागद घेऊन हिशेब केला. पात्याच्या धारेचा वेग ताशी ८६ किलोमीटर निघाला. म्हणजे ते पाते नाशिकहून सुटले असते तर कसारा घाटासकट दोन तासांत मुंबईला. हे पंचवटी एक्स्प्रेसलाही जमत नाही. आणि ज्या फटीत हा सगळा प्रवास चालतो, तिच्यापासून आपली बोटे वीतभर अंतरावर असतात.

एवढ्या वेगात ती पाती जागेवर राहतात ती कशाने? प्रत्येक पात्याला चिकटून एक लोखंडी पाचर असते आणि ती पाचर आवळणारे चार-पाच बोल्ट. बस्स. पुढे-मागे कोणी तुम्हांला रंधा मशीन दाखवले तर मोटर बघू नका, रंग बघू नका, ते बोल्ट बघा. माझ्या मशीनमधल्या एका बोल्टाचे आटे गेलेले होते. ब्लॉकमधले, म्हणजे बोल्ट बदलून भागण्यासारखे नव्हते. हे विकणाऱ्याला ठाऊक होते. मला तिसऱ्या महिन्यात कळले.

मी शिसवीची फळी घातली होती. स्वयंपाकघरातून "चहा झालाय" अशी हाक आली म्हणून "आलो" म्हणायला मी एक पाऊल बाजूला झालो. तेवढ्यात ठण्ण असा आवाज झाला, पाते एका टोकाने वर सरकले, फळी माझ्या हातातून हिसकली गेली आणि बरगडीशेजारून मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. भिंतीला वाटीएवढा खड्डा पडला. मी स्विच बंद केला, हात मोजले, बोटे मोजली, चहा प्यायला गेलो. "आज गप्पसे?" असे सौ.ने विचारले. मी म्हटले, "साखर कमी आहे." संध्याकाळी त्या खड्ड्यावर कालनिर्णय लावले.

बोल्टाला तांब्याची पातळ पत्री गुंडाळून तो पुन्हा आवळला. नंतर तसे काही झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. पण त्या दिवसापासून मी मशीनसमोर सरळ उभा राहिलो नाही. नवा जावई सासऱ्याशी बोलताना उभा राहतो तसा, जरा तिरका. आणि तिरके उभे राहून सरळ काम होत नाही. महिनाभरात देव्हारा अर्धा राहिला, वर्षभरात मशीनवर सौ.च्या कुरडयांच्या परातीने मुक्काम ठोकला आणि शेवटी मी जाहिरात लिहायला बसलो.

नवा ब्लॉक बसवायला नऊ हजार पडले असते. पस्तीस हजारांना विकायचे तर हातात सव्वीस. न बसवता पस्तीसला विकले तर हातात पस्तीस. हा हिशेब कोणालाही येतो. प्रश्न गणिताचा नसून तोंडाचा होता : येणाऱ्याला सांगायचे की नाही?

आमच्या शेजारी एक निवृत्त वकीलसाहेब राहतात. रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. त्यांना मी हे, एका मित्राची गोष्ट म्हणून, विचारले. ते चालता चालता थांबले. वकील थांबला की समजावे, कायदा येतोय.

"तुमच्या मित्राकडे घोडा आहे असं समजा," ते म्हणाले.

"घोडा नाही हो, मशीन—"

"घोडाच. भारतीय करार कायदा, १८७२. कलम सतरा. कायद्यात घोडाच दिलाय. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे अ ला ठाऊक. अ काही बोलत नाही. फसवणूक झाली का?"

"झाली."

"नाही! नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे."

मला एकदम हलके वाटले. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज माझ्या सोयीचे लिहून गेला होता. पण वकीलसाहेबांचे संपले नव्हते. "आता ब ही अ ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झालीय, असं समजा. मग मात्र सांगायला हवं. नातंच तसं आहे."

"मित्राचं गिऱ्हाईक त्याची मुलगी नाही."

"मग तिसरं उदाहरण ऐका. ब म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालतो. अ गप्प बसतो. इथं गप्प बसणं म्हणजे बोलणंच."

"म्हणजे सगळं गिऱ्हाईक काय बोलतं त्यावर?"

"बरोबर. मित्राला सांगा, गिऱ्हाइकाला फार बोलू देऊ नको." आणि दोन पावले गेल्यावर त्यांनी विचारले, "कोणता बोल्ट म्हणालात तुमचा?"

घरी येऊन मी चरफडलो, पण घोडा डोक्यातून जाईना. सार्वजनिक वाचनालयात (१८४० सालचे आहे आमचे वाचनालय, अशा जुन्या भानगडी तिथेच बसून वाचाव्यात) दोन-तीन दुपारी घालवल्या, तेव्हा कळले की हा घोडा फार लांबून चालत आलेला आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोममध्ये सिसेरो नावाच्या वकिलाने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, हा अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजे येताहेत हे त्याने वाटेत पाहिलेले आहे. ते सांगायचे, की गप्प राहून चढ्या भावाने विकायचे? यावर दोन तत्त्वज्ञांचे भांडण. आणि गंमत म्हणजे दोघे गुरुशिष्य. गुरू डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांग, बाकी विकणारा आहेस तर विक. (हा डायोजिनीस म्हणजे पिंपात राहणारा नव्हे, हा बाबिलोनचा.) शिष्य अँटिपेटर म्हणतो, छे, सगळे सांगितले पाहिजे. माणसे एकमेकांची आहेत, मग एकाला कळलेले दुसऱ्यापासून लपवायचे कसे?

पुढे तर सिसेरो थेट आमच्या शेडमध्ये येतो. एक घर विकायला काढलेले आहे. बाहेरून झकास, पण लाकूड कुजके आणि प्रत्येक खोलीत साप निघतात, हे मालकाशिवाय कोणाला माहीत नाही. सांगायचे का? डायोजिनीसचे म्हणणे, दवंडीवाल्याने 'रोगट घर विकणे आहे हो' अशी हाळी दिलेली कोणी ऐकली आहे काय? हे वाचून मी खुर्चीत हसलो. समोर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी वर पाहिले. मला माझी जाहिरात आठवली होती : 'रंधा मशीन, सर्पयुक्त.'

सिसेरोने निकाल शिष्याच्या बाजूने दिला. आणि दोन हजार वर्षे उलटल्यावर करार कायदा लिहिणाऱ्याने पुढच्याच उदाहरणात भावातला फरक ठाऊक असलेला व्यापारी घालून, त्याने सांगायची गरज नाही असे ठरवून, निकाल पुन्हा गुरूच्या बाजूने फिरवला. अपिलाला इतकी वर्षे लागलेला दुसरा दावा आमच्या नाशिकच्या कोर्टातही नसेल.

आपल्याकडे काय आहे तेही पाहिले. कौटिल्य जास्त व्यवहारी. झालेला सौदा मोडायला त्याने मुदती घातल्या आहेत : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुरे राखणाऱ्यांना पाच. रोगी जनावर धडधाकट म्हणून सांगितले तर बारा पण दंड. मुलीतला दोष न सांगता लग्न लावून दिले तर शहाण्णव पण आणि नवऱ्यातला दोष लपवला तर त्याच्या दुप्पट. हे शेवटचे मी सौ.ला मुद्दाम वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. म्हणाली, "एकशे ब्याण्णव ना? वसूल कुठं करायचे?"

तिने मग मला जाजली ऋषीची गोष्ट सांगितली. शांतिपर्वातली आहे. या जाजलीने इतके तप केले की त्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, पिल्ले मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. त्याचा त्याला गर्व झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की काशीच्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. तो तुलाधार दुकानात बसून माल विकत होता आणि त्याचे म्हणणे एवढेच की माझा तराजू सगळ्यांना सारखा. "बघा," सौ. म्हणाली, "धर्म शिकायला ऋषीला वाण्याकडे पाठवलंय."

मी म्हटले, "तुलाधाराला काय जातंय? तो मालाला तराजू लावायचा. सेकंडहँड मशीनला कुठला तराजू लावायचा?"

ती म्हणाली, "तुम्ही तिरके उभे राहता ना, तोच."

म्हणजे तिला ठाऊक होते. चहाच्या दिवसापासून.

मलाही कोणीतरी फसवले होते, मग मी पुढे ढकलले तर काय बिघडले, हा विचार मनात आला नाही असे लिहिले तर ते चौथे खोटे होईल. पस्तीस वर्षे मी काउंटरवर लोकांना सांगत आलो की बाबांनो, फाटकी नोट एकमेकांच्या गळ्यात मारू नका, बँकेत आणा, बदलून मिळते. आणि माझ्याच खिशात तशी नोट आली की? ती दुमडून, फाटकी बाजू आत, चार बऱ्या नोटांच्या पोटात घालून, दिवेलागणीला भाजीवालीला. तिनेही ती दुसऱ्या दिवशी तितक्याच सफाईने पुढे दिली असणार. सगळे गाव मिळून एक फाटकी नोट सांभाळत असते आणि कोणालाही आपण फसवले असे वाटत नाही, कारण प्रत्येकाला ती कोणीतरी दिलेली असते. पण फाटक्या नोटेला पाते नसते, हे मला रात्री दीड वाजता पंख्याकडे बघताना सुचायचे. सकाळी पुन्हा पस्तीस हजार दिसायचे.

आणि खरे सांगून तरी चालते का? पहिला फोन आला तो पंचवटीतून. मी आदल्या रात्रीच्या पंख्याच्या प्रभावाखाली होतो. म्हटले, "मशीन चांगलं आहे, पण एका बोल्टाचे आटे गेलेत."

पलीकडे शांतता. मग, "अजून काय काय आहे?"

"अजून काही नाही."

"असं कसं? एवढं सांगताय म्हणजे मोठं काहीतरी असणार." आणि फोन बंद.

याचे शास्त्रही आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्याचे सार असे की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला वाईटच धरून भाव करतो. तो भाव चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो. आणि शेवटी उरतात नुसत्या खटाऱ्या. तीन नियतकालिकांनी हा लेख साभार परत केला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळाले. (नवोदित लेखकांनी हा परिच्छेद कापून ठेवावा.) म्हणजे मी 'उत्तम' लिहिले तर वाचणारा मनात त्याचे 'बरे' करणार, 'बरे' लिहिले तर 'भंगार' आणि खरे लिहिले तर फोन ठेवून देणार. सगळ्यांच्या खोटेपणाची वजावट माझ्या खरेपणातून होणार. असे मनाशी म्हणून मी बरेच समाधान मिळवले. ज्याला खोटे बोलायचे आहे त्याला अर्थशास्त्राचा आधार फार.

दुसरा आला तो भंगारवाला. त्याला मी बोल्ट, आटे, शिसवीची फळी सगळे मोकळेपणी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला काय, मी किलोवर घेतो." भंगारवाल्याशी सत्य बोलायला काहीही लागत नाही, हे तेव्हा लक्षात आले. तिसरे एक जाणते कारखानदार. त्यांनी येताच पट्टा काढला, हाताने ब्लॉक फिरवला, तांब्याची पत्री बघून गालात हसले आणि म्हणाले, "पंधरा." मी म्हटले, "पस्तीस." ते म्हणाले, "साहेब, तुम्हांलाही माहीत, मलाही माहीत." चहा पिऊन ते गेले. त्यांच्याशी मी एक शब्द खोटा बोललो नाही, कारण वावच नव्हता.

चौथा आला तो दिंडोरीकडचा एक पोरगेलासा सुतार. पंचविशीचा. मोटारसायकल फाटकाबाहेर लावून, चपला काढून शेडमध्ये आला. शेडमध्ये चपला काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मशीनला त्याने हात लावून नमस्कार केला.

"काका, प्लायवूडनं आमचं दारं-खिडक्यांचं काम खाल्लं," तो म्हणाला. "आता मी देव्हारे करतो. सागाचे. नाशकात येणारी माणसं देव्हारा हौसेनं नेतात. पण हातरंध्यानं दोन दिवस जातात एकेका देव्हाऱ्याला."

अर्धा देव्हारा करून सोडलेला मी गप्प राहिलो.

त्याने मोटर ऐकली, टेबलावर गुण्या धरून पाहिला, पट्टा दाबून पाहिला. ब्लॉक पाहिला नाही. पस्तीसचे बत्तीस झाले. तीस हजार बायकोच्या बचत गटातून मिळणार होते, दोन जवळचे. सगळे ठरले. मग तो माझ्याकडे वळून मोकळेपणी हसला.

"काका, तुम्ही घरगुती माणूस. वर्कशॉपवाले काहीबाही लपवतात. तुमचं तसं काही नसणार. बघायला नको."

तिसरे उदाहरण! शब्द जरा वेगळे, पण तेच. १८७२ सालचा तो ब दिंडोरीहून मोटारसायकलवर बसून माझ्या शेडमध्ये आला होता. मी आता गप्प बसलो तर ते बोलणेच. आणि मी गप्प बसलो. खोटे कशाला सांगू? मी छताकडे पाहिले आणि "उन्हाळा फार आहे यंदा," असे म्हणालो.

तो म्हणाला, "हो ना. मग काका, न्यायला चांगला दिवस बघू का? पहिलंच मशीन आहे," आणि मी काही म्हणायच्या आत त्याने डावा हात वर करून खिळ्यावरचे कालनिर्णय काढून घेतले.

खड्डा आमच्या दोघांकडे बघू लागला.

"काका, हे काय?"

माणसाचे डोके अशा वेळी विलक्षण चालते. खिळा ठोकताना पोपडा पडला, ओल आहे, नातवाचा चेंडू. तिन्ही उत्तरे एकदम जिभेवर आली आणि तिन्ही चांगली होती. पण मी बघत होतो त्याच्या हाताकडे. कालनिर्णय धरलेल्या त्या डाव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट पहिल्या पेरावरच संपत होते. तासभर तो माझ्यासमोर होता. गुण्या त्याच हाताने धरला होता, पट्टा त्याच हाताने दाबला होता. मी तासभर त्याच्या चेहऱ्याकडे, पस्तीसवरून किती खाली येतो ते बघत होतो.

"बोटाला काय झालं?" मी विचारले.

"ते जुनं आहे. आधी जिथं कामाला होतो तिथलं. पातं सरकलं होतं, मालकानं सांगितलं नव्हतं." त्याने सहज सांगितले आणि पुन्हा खड्ड्याकडे बोट केले, त्याच हाताचे. "हे काय?"

मग मी सांगितले. बोल्ट, आटे, पत्री, चहाची हाक, सगळे. मधेच सौ. पाण्याचा तांब्या घेऊन आली ती दारातच उभी राहिली. माझे सांगून झाल्यावर तो खाली बसला, ब्लॉक हळूहळू फिरवून त्याने तो बोल्ट शोधला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला.

याला खरे बोलणे म्हणता येईल का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सिसेरोच्या पुस्तकात गप्प राहणे वेगळे आणि लपवणे वेगळे, असे एक बारीक कलम आहे. पण उघडे पडल्यावर सांगणे कशात बसते, ते त्याने लिहिलेले नाही. त्याने कालनिर्णय काढले नसते तर? बोट शाबूत असते तर? वकीलसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, "कायदा घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतो." सौ.ला विचारले तर ती म्हणाली, "मीच सांगणार होते. पाणी कशाला आणलं होतं मी?" म्हणजे तेही श्रेय गेले.

तो जरा वेळाने उठला. मला वाटले, चपला घालणार. म्हणाला, "नवा ब्लॉक टाकावा लागेल."

"नऊ हजार पडतील," मी म्हटले. "ते वजा कर. तेवीस दे."

"नऊ कशाला काका? ओळखीचा टर्नर आहे आमचा, तो सातात बसवतो. सात वजा करा. पंचवीस."

हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. डायोजिनीसने त्याला वेड्यात काढले असते. मी त्याच्या हातात अर्धा देव्हाराही ठेवला. तो उलटसुलट बघून त्याने विचारले, "काका, हे आधी सरळ केलं होतं का?"

अक्षय्यतृतीयेला टेंपो आला. चार माणसांनी मशीन चढवले. पंचवीस हजार मोजून घेतले. त्यात एक नोट फाटकी निघाली, ती मी मुकाट्याने बँकेत नेऊन बदलली. शेड एकदम मोठी दिसायला लागली आणि मोकळ्या भिंतीवर तो खड्डा तर फारच. मी गवंड्याला निरोप पाठवला. तो लग्नसराईनंतर येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बघतो तो खड्ड्यावर पुन्हा कालनिर्णय.

मी म्हटले, "अगं, आता कशाला? आता काय लपवायचंय?"

"परवा व्याही येताहेत," सौ. म्हणाली, "आणि आपल्याला घर थोडंच विकायचंय?"